वीज गेली की पाणी कुठे जातं? घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची नळजोडणी

आज माशांबद्दल फारसं बोलणार नाही, पाईपांबद्दल बोलू. आमच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आली त्याच्या पहिल्याच पावसाळ्यात, जूनमधल्या एका रात्री वीज गेली आणि सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली. त्यांच्या पीओपीच्या छतावर डाग पडला होता. नंतर हिशेब केला तर सांडलेलं पाणी सहाएक लिटर, अर्धी बादलीही नाही. पण ते मिठाचं पाणी. फरशीच्या सांध्यांतून खाली उतरतं, आणि वाळलं तरी मीठ मागे राहून ओल धरत राहतं. काकूंच्या रंगकामाचा खर्च अर्थातच आम्ही दिला.

आधी रचना समजून घेऊ. वर दिवाणखान्यात दिसणारी टाकी आणि खाली कपाटात दुसरी टाकी. या खालच्या टाकीला संप म्हणतात. (हशा) नाही, कामगारांचा नव्हे. सोसायटीच्या आवारात पाणी साठवायचा असतो, तो. स्किमर, हीटर अशी सगळी यंत्रं त्यात राहतात. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेची उभी पेटी असते आणि तिच्या काठाला दातेरी जाळी. धरणाचा सांडवा डोळ्यांपुढे आणा. काठावरून ओसंडलेलं पाणी पेटीत पडतं, तिथून ड्रेनच्या पाईपाने संपात जातं, आणि संपाच्या शेवटच्या कप्प्यातला पंप रिटर्नच्या पाईपाने ते परत वर चढवतो. पंप जितकं वर टाकतो तितकंच सांडव्यावरून खाली येतं. त्यामुळे पंप चालू असताना कुठलीही जोडणी बरीच वाटते. तिची परीक्षा होते पंप थांबतो तेव्हा आणि पुन्हा सुरू होतो तेव्हा.

पंप थांबला की काय होतं? सांडव्याच्या काठावर जो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर थर असतो, तो खाली येतो. पेटीतलं आणि पाईपांतलं पाणीही येतं. इथवर ठीक. पण रिटर्नच्या पाईपाचं तोंड पाण्यात बुडालेलं असतं, आणि पाईप तर पाण्याने भरलेला. म्हणजे सायफन तयारच आहे. पंप बंद पडताच पाणी त्याच पाईपातून उलटं वाहू लागतं, आणि तोंड उघडं पडून हवा शिरेपर्यंत थांबत नाही.

आता आमचे आकडे घ्या. टाकी आतून १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ रुंद. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली. आमच्या रिटर्नचं तोंड ५ सेंटिमीटर खोल होतं: २७ लिटर. पेटी आणि पाईप मिळून आणखी पाचेक, एकूण ३२. संप ७५ बाय ३५ सेंटिमीटरचा, उंची ४०. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे २.६ लिटर. ‘जास्त पाणी म्हणजे जास्त स्थैर्य’ असं वाचून आम्ही तो ३० सेंटिमीटरपर्यंत भरलेला. उरली १० सेंटिमीटर जागा, म्हणजे २६ लिटर. बत्तिसातून सव्वीस गेले, सहा राहिले, ते काकूंच्या छतावर.

तुम्ही म्हणाल, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा. बसवला होता की! शिंपल्याचा एक बारीक कण त्याच्या झडपेत अडकला होता. खाऱ्या पाण्यात वाळू असते, गोगलगायी असतात, चुन्याची पुटं चढतात; झडप कधीतरी अर्धवट उघडी राहणारच. व्हॉल्व्ह असू द्या, पण तो नाहीच असं धरून हिशेब करा. रिटर्नच्या तोंडाजवळ पाईपाला भोक पाडून हवा आत घेण्याची युक्तीही आहे. ते भोक शेवाळाने बुजतं, ब्रशने साफ ठेवावं लागतं. सगळ्यात खात्रीचं म्हणजे तोंडच पृष्ठभागापासून एक-दीड सेंटिमीटरवर ठेवणं. मग टाकीतून २७ च्या जागी आठेक लिटर येतात. आणि संपावर कमाल पातळीची ठळक रेघ मारा. बाष्पीभवनाने पाणी कमी होतं ते पंपाच्या कप्प्यात दिसतं. तिथे गोडं पाणी घालताना रेघेच्या वर जायचं नाही.

आता उलटी बाजू. पंप चालू आहे आणि ड्रेन तुंबला. एक गोगलगाय पुरते. तेव्हा पंप आपल्या कप्प्यातलं पाणी वर टाकत राहतो आणि कप्पा रिकामा झाला की कोरडा घरघरतो. आमचा कप्पा २५ बाय ३५, पाणी २० सेंटिमीटर, म्हणजे साडेसतरा लिटर. वर टाकीत ते सव्वातीन सेंटिमीटर चढतं. पाण्यापासून टाकीच्या काठापर्यंत तेवढी मोकळी जागा हवीच, आम्ही चार ठेवतो. पंपाचा कप्पा उगाच मोठा करू नका, तो याच कारणाने.

ड्रेनचा पाईप किती जाड, हे लोक फार विचारतात. किती पाईप, हे विचारायला हवं. एकाच पाईपात पाणी पूर्ण भरून वाहिलं तर ते निःशब्द वाहतं. पण तो पंपापेक्षा जरा जास्त ओढू लागला तर पेटी रिकामी होऊन हवा शोषतो आणि रात्रभर गुळगुळतो. जरा कमी ओढला तर टाकी भरून सांडते. दोन्ही प्रवाह कायमचे तंतोतंत जुळवणं कुणालाच शक्य नाही. म्हणून दोन पाईप ठेवायचे. पहिल्यावर गेट व्हॉल्व्ह, तो एवढा आवळायचा की बहुतेक पाणी तिथून पूर्ण भरून जाईल. उरलेली धार दुसऱ्या, उंच तोंडाच्या पाईपातून. त्या दुसऱ्यावर व्हॉल्व्ह कधीही नाही, आणि संकटात सगळा प्रवाह एकट्याने नेण्याइतका तो जाड हवा. छांदिष्टांत या पद्धतीला ‘हर्बी’ म्हणतात. ‘बीनअ‍ॅनिमल’ पद्धतीत तिसरा, कोरडा राखीव पाईपही असतो. जागा असेल तर तीन करा, आमचं मत तेच आहे. आणखी एक: भरून वाहणाऱ्या पाईपाचं खालचं टोक संपाच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवा. जास्त खोल असेल तर वीज परत आल्यावर आत कोंडलेली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन पुन्हा धरत नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. सगळं यूपीव्हीसी. हार्डवेअरच्या दुकानातला पितळी व्हॉल्व्ह नको. पितळेत तांबं असतं आणि कोळंब्या, प्रवाळ त्याने मरतात. पंपाजवळ युनियन बसवा, नाहीतर साफसफाईला दरवेळी पाईप कापाल. भोकं टाकी बांधणाऱ्याला आधी सांगा. टफन्ड काचेला नंतर भोक पडत नाही, काच चुरा होते.

जोडणी झाली की मीठ घालण्याआधी, साध्या पाण्यावर मेन स्विच बंद करून पाहा. संपात पाणी कुठवर चढलं, तिथे खूण करा. मग चालू करा, ड्रेन स्वतःच सावरतो का बघा. पुढे भरून वाहणाऱ्या पाईपाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून दुसरा पाईप एकटा निभावतो का बघा. शेवटी सगळे ड्रेन बूच लावून बंद करा आणि पंपाचा कप्पा रिकामा होईपर्यंत टाकीच्या काठाकडे पाहत उभे राहा. हातात पुसणं असू द्या.

(श्रोत्यांतून प्रश्न: पंप इन्व्हर्टरवर टाकला तर हे सगळं टळेल ना?)

पुढे ढकललं जाईल. बॅटरी संपली की पंप थांबणारच, बहुधा पहाटे, तुम्ही झोपेत असताना. आम्ही इन्व्हर्टरवर रिटर्नचा पंप ठेवतच नाही. टाकीतलं पाणी ढवळणारा छोटा पंप ठेवतो. तो कमी वीज खातो, पृष्ठभाग हलता ठेवतो, आणि वीज नसताना माशांना प्राणवायू हवा असतो.