दलघमी, फेरफार आणि निस्तारपत्रक

पावसाळा लागला की भंडारा जिल्ह्यातल्या मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरतो. गोसेखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांपैकी किती उघडले, विसर्ग किती क्युमेक आहे, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे वगैरे. मजकूर सरकारी असतो, आकडेही खरे असतात. घोळ होतो तो एका अक्षराने. क्युमेक म्हणजे दर सेकंदाला एक घनमीटर पाणी आणि क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट. एका घनमीटरमध्ये सुमारे ३५.३ घनफूट मावतात, म्हणजे १,००० क्युमेकचा विसर्ग ३५,३०० क्युसेकच्या आसपास जातो. संदेश पुढे ढकलताना कोणी ‘मे’चा ‘से’ केला, तर वैनगंगेचा पूर कागदोपत्री पस्तीस पटींनी ओसरतो. नदीत मात्र तो तेवढाच असतो.

त्याच बातमीत पुढे ‘दलघमी’ येतो. हा दशलक्ष घनमीटरचा संक्षेप. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, आणि एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. गोसेखुर्दचा एकूण साठा १,१४६ दलघमी धरला, तर तो साधारण ४० टीएमसी होतो. त्यातला उपयुक्त साठा ७४० दलघमी आहे; उरलेला तळाचा भाग मृत साठा, जो सिंचनासाठी सोडता येत नाही. धरण ‘पन्नास टक्के भरले’ या बातमीतला टक्का एकूण साठ्याचा की उपयुक्त साठ्याचा, हे कळल्याशिवाय पवनीच्या शेतकऱ्याला धानाच्या पाण्याचा हिशेब मांडता येणार नाही.

असे शब्द घरातल्या नेहमीच्या शब्दकोशात सापडत नाहीत, आणि सापडले तरी कामाचे निघत नाहीत. त्यासाठी परिभाषा कोश लागतो. महाराष्ट्र राज्य झाल्यावर दोनच महिन्यांनी, ६ जुलै १९६० रोजी, भाषा संचालनालय स्थापन झाले. सरकारी हुद्द्यांना मराठी नावे देणारा पदनाम कोश १९६२ मध्ये आला आणि टीकाकारांनी लगेच त्याचा ‘बदनाम कोश’ केला. तरी काम थांबले नाही. शासन व्यवहार, न्यायव्यवहार, कृषिशास्त्र, भूशास्त्र, स्थापत्य अभियांत्रिकी, बँकिंग, ग्रंथालयशास्त्र अशा विषयांचे कोश निघत गेले. एकेकाळी ते शासकीय ग्रंथागारात किंवा एखाद्या कचेरीच्या कपाटात असत. आता ‘शब्दकोश डॉट मराठी डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर ते फोनवर उघडतात.

खाचखळगे शोधण्याच्या पद्धतीत आहेत. समजा, इंग्रजी कागदावर ‘म्युटेशन’ हा शब्द आला. तलाठी कार्यालयात त्याचा अर्थ फेरफार: खरेदी, वारसा किंवा वाटणीमुळे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, जिच्यावरून सातबाऱ्यावरचे नाव बदलते. जीवशास्त्राच्या पुस्तकात तोच शब्द उत्परिवर्तन होतो, म्हणजे जनुकात झालेला बदल. ‘कल्चर’ समाजशास्त्रात संस्कृती असते. माशांच्या बाबतीत ते संवर्धन आणि रोपवाटिकेत ऊती संवर्धन. ‘टँक’ पाटबंधारे खात्यात तलाव, लष्करात रणगाडा. म्हणून उत्तरात आलेला पहिला शब्द उचलू नये. तो कोणत्या कोशातला आहे ते आधी पाहावे. विषय जुळला की शब्द बहुधा जुळतो.

पैशाचा प्रश्न असेल, तर ही काळजी जास्तच घ्यावी लागते. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसेखुर्दची पायाभरणी झाली आणि पुढे बुडीत क्षेत्रातल्या कुटुंबांच्या हाती भूसंपादनाचे कागद येत राहिले. त्या कागदांतला ‘अवॉर्ड’ म्हणजे निवाडा: जमिनीचे क्षेत्र, भरपाईची रक्कम आणि ती कोणाला किती मिळणार, हे ठरवणारा भूसंपादन अधिकाऱ्याचा निर्णय. सर्वसाधारण कोश किंवा भाषांतराचे यंत्र तिथे ‘पुरस्कार’ सुचवू शकते. ‘सोलेशियम’ला मराठीत दिलासा रक्कम म्हणतात. जमीन सक्तीने जाते, म्हणून भरपाईच्या वर ती द्यावी लागते. १८९४ च्या कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीनंतर ती बाजारभावाच्या ३० टक्के होती. २०१३ च्या कायद्याने ती भरपाईच्या १०० टक्के केली. शब्द तोच राहिला, रक्कम बदलली. कोश शब्द देतो. दर मात्र त्या त्या कायद्यातच पाहावा लागतो आणि कोणत्या सालचा कायदा लागू आहे तेही विचारावे लागते.

मराठी प्रतिशब्द मिळाला म्हणजे विषय समजला, असे नाही. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. ‘ओअर’ला भूशास्त्रात धातुक म्हणतात, एवढे परिभाषा कोश सांगेल. खनिज आणि धातुक यांत फरक काय, हे विचारायला मराठी विश्वकोशाकडे जावे लागते. ज्या खनिजापासून धातू परवडेल अशा खर्चात काढता येतो, त्याला धातुक म्हणतात. प्रत्येक खनिज धातुक नसते. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला, पण त्याआधी, १९७३ मध्ये, परिभाषा-संग्रह छापला गेला होता. नोंदी लिहिणाऱ्या शेकडो लेखकांनी एका संकल्पनेला एकच शब्द वापरावा, म्हणून ती तयारी. आज विश्वकोशाच्या नोंदीही संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आधी परिभाषा कोशात शब्द पाहायचा आणि तोच विश्वकोशात टाकून व्याख्या वाचायची, ही जोडी विद्यार्थ्यांना आणि स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांना चांगली उपयोगी पडते.

भंडाऱ्याच्या महसुली कागदांत मात्र काही शब्द असे भेटतात, की पुण्या-साताऱ्याचा जाणकारही अडखळावा. कारण इतिहासात आहे. हा जिल्हा मध्य प्रांतातला. इथे मालगुजारी पद्धत होती, म्हणजे सरकारला महसूल भरणारा मालगुजार गावाचा मालक असे. मालगुजारांचे हक्क १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने संपवले आणि ३१ मार्च १९५१ पासून गावे, पडीक जमिनी, तलाव सरकारकडे आले. माजी मालगुजारी तलावांचे ‘मामा तलाव’ झाले ते तेव्हापासून. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जिल्हा मुंबई राज्यात आला, तरी जुने कागद आणि त्यांतले हक्क राहिले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी कलमे आहेत. कलम १६१ चे निस्तारपत्रक गावच्या बिनभोगवट्याच्या जमिनीची व्यवस्था सांगते: गुरे कुठे चरतील, सरपण कुठून आणता येईल, मुरूम-माती-दगड कोण नेऊ शकेल. कलम १६५ च्या वाजिब-उल-अर्जात सिंचन, वहिवाट, मासेमारी यांबाबतच्या गावच्या रूढी नोंदवल्या जातात.

ढीवर समाजाच्या एखाद्या मत्स्य सहकारी संस्थेला खासगी बोडीतल्या, म्हणजे शेतातल्या लहान तलावातल्या, मासेमारीचा जुना हक्क तपासायचा असेल, तर ‘वाजिब-उल-अर्ज’ हा शब्द ओळखणे ही पहिली पायरी. इथे शोधाचा क्रमही बदलतो. आधी संहितेतले कलम वाचायचे, मग जुने कोश पाहायचे. एच. एच. विल्सन यांनी १८५५ मध्ये काढलेला न्याय आणि महसुली शब्दांचा कोश इंटरनेट आर्काइव्हवर आहे. मालगुजार, पट्टा यांसारख्या शब्दांचे तेव्हाचे अर्थ त्यात मिळतात. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. एक अडचण लक्षात ठेवावी: जुन्या रोमन लिपीत एकाच शब्दाची दोन-तीन रूपे असतात. एक नाही सापडले, तर दुसरे टाकून पाहायचे.

परिभाषा घडवण्याची खटपट तशी जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहार कोश झाला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ मध्ये श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु प्रसिद्ध केला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपुरात डॉ. रघुवीरांनी संस्कृत धातूंवरून हजारो शब्द घडवले. दिल्लीत १९६१ पासून वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग काम करतो. त्याच्या शब्दावल्याही आता ऑनलाइन आहेत. मात्र त्या पाहताना हिंदी शब्द मराठीत जसाच्या तसा चालेल, असे धरू नये. हिंदीत ‘नामांतरण’ लिहितात तिथे आपल्याकडे फेरफार चालतो आणि ‘धान’ कापला जात नाही, कापले जाते. परिभाषा कोशात शब्दाबरोबर लिंग दिलेले असते, ते याचसाठी.

या सगळ्या कोशांच्या कडेला इथली झाडीबोली उभी आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा शब्दकोश तयार केला. तलावांच्या या जिल्ह्यात कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, त्यामुळे तलावाच्या प्रत्येक अंगाला इथे नाव आहे. बांध म्हणजे पाळ, शेतातला लहान तलाव म्हणजे बोडी आणि पाणी सोडायची जागा म्हणजे तुडुम. अंदाजपत्रकात त्याच तुडुमाचा विमोचक होतो. पाणी ज्या शेतांना मिळते ते लाभक्षेत्र, आणि जिथून पाणी येते ते पाणलोट क्षेत्र. मामा तलावाच्या दुरुस्तीचा ठराव ग्रामसभेत लिहिताना बोलीतला आणि सरकारी असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी घातले, तर काम नेमके कुठले हे अभियंत्यालाही कळते आणि गावालाही. आणि पुढे मोजमाप पुस्तिकेत विमोचकाची दुरुस्ती झाल्याची नोंद पडली, की तुडुमाकडे जाऊन ती खरी आहे का हे कोणालाही पाहता येते.