जपानी चित्रमालिकांतील राजदरबार

नात्सु ह्यूगा यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली ‘द अपोथेकरी डायरीज’ ही जपानी ॲनिमे मालिका २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि २०२५ च्या जुलैपर्यंत तिचे ४८ भाग पूर्ण झाले. ती पाहून झाल्यावर याच जातीचे आणखी काय पाहावे, असा प्रश्न रसिकाला पडणे स्वाभाविक आहे. राजवाडे, रेशमी वस्त्रे आणि विषप्रयोग यांवरून निवड करू गेल्यास मात्र हाती बरेच निःसत्त्व येईल. कारण या मालिकेचे खरे बळ हुकूम कोण काढतो, तो कोणाच्या हातून फिरतो आणि त्याचा भार अखेर कोणाच्या माथी येतो, याच्या सूक्ष्म जाणिवेत आहे.

पहिलाच प्रसंग घ्या. प्राचीन चीनच्या धर्तीवर रचलेल्या एका कल्पित साम्राज्यात, पळवून आणून जनानखान्यात चाकरीस विकलेली माओमाओ ही औषधिविद्येत मुरलेली मुलगी आपल्याला लिहितावाचता येते हे कोणास कळू देत नाही. कारण साक्षर दासी म्हणून पगार वाढला, तरी त्यातला वाटा तिला विकणाऱ्यांच्याच पदरात पडणार असतो. बादशहाची तान्ही मुले दगावत असल्याचे कानी आल्यावर राण्यांच्या पांढऱ्या मुखलेपातच विष आहे हे ती ताडते, वस्त्राची चिंधी फाडून तिच्यावर इशारा लिहिते आणि फुलांच्या डहाळीला बांधून दोन्ही राण्यांच्या खिडकीशी ठेवते. जी राणी तो मानते तिची कन्या वाचते; दुसरीचा पुत्र जातो. पुढे अंतःपुराचा कारभारी जिन्शी दासींना एकत्र बोलावून, चेहऱ्यावर ठिपके असलेल्या मुलीने थांबावे एवढ्याच मजकुराचा कागद अबोलपणे वर धरतो. तो वाचू शकणारी माओमाओ दचकते आणि सापडते. शिसेयुक्त मुखलेप हा कल्पनेचा खेळ नव्हे. जपानात तो नटांच्या चेहऱ्यावर विसाव्या शतकापर्यंत चढत होता.

राज्ययंत्राची हीच जाण ज्यांना हवी, त्यांनी साई युकिनो यांच्या कथांवरील ‘साईउनकोकू मोनोगातारी’ (२००६-२००८) शोधावी. थोर पण निर्धन झालेल्या घराण्यातील शूरेई, कारभाराकडे पाठ फिरवून बसलेल्या तरुण राजास मार्गावर आणण्याच्या कामगिरीवर अंतःपुरात जाते, आणि पुढे स्त्रियांना बंद असलेली राजसेवेची परीक्षा देऊन अधिकारी होते. चीनमध्ये १९०५ साली रद्द झालेल्या शाही परीक्षापद्धतीची छाया या कथेवर स्पष्ट आहे. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या स्त्रीला कचेरीतील पुरुष कसे वागवतात, हा भाग मला प्रेमकथेहून अधिक मोलाचा वाटतो.

परंतु या संप्रदायाचा मेरुमणी म्हणजे फुयुमी ओनो यांच्या कादंबऱ्यांवरील ‘द ट्वेल्व्ह किंग्डम्स’, जपानी नावाने ‘जूनी कोक्की’ (२००२-२००३, ४५ भाग). येथे राज्यपद वंशपरंपरेने मिळत नाही. प्रत्येक राज्याचा किरिन नावाचा दैवी प्राणी राजाची निवड करतो, राजा सन्मार्गापासून ढळला की किरिन व्याधिग्रस्त होतो, आणि किरिन मरण पावला की राजाचाही अंत ठरलेला असतो. आधुनिक जपानमधील योको ही शाळकरी मुलगी केई राज्याची राणी होते, तेव्हा तिला ना तेथील कायदा कळतो, ना मंत्र्यांच्या भांडणांतील मर्म. तिच्या आधीच्या राणीने तर मत्सरापायी राज्यातील यच्चयावत स्त्रियांच्या हद्दपारीचे फर्मान काढले होते. योको वेश पालटून प्रजेत राहते, आपल्याच अंमलदारांच्या जुलमाविरुद्ध उठलेल्या बंडात सामील होते, आणि सिंहासनावर परतल्यावर पहिला हुकूम काढते तो लोकांनी जमिनीवर मस्तक टेकण्याची सक्ती उठविण्याचा. त्या एका हुकमामागे जेवढे दुःख व जेवढा विचार उभा आहे, तेवढा पुष्कळ ऐतिहासिक कादंबऱ्यांतही मला आढळलेला नाही.

‘सेईरेई नो मोरिबितो’ (२००७, २६ भाग) हिच्या मूळ लेखिका नाहोको उएहाशी या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक; त्यांना २०१४ साली हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक मिळाले. राजपुत्र चागुम याच्या देहात जलदेवतेचे अंडे वाढत आहे, आणि जलराक्षसाचा वध करणाऱ्या मूळ पुरुषाच्या आख्यायिकेवर राजवंशाची प्रतिष्ठा उभी असल्यामुळे खुद्द सम्राटालाच पुत्राचा नाश हवा आहे. भालाईत बाल्सा त्याला घेऊन परागंदा होते. इकडे राजज्योतिषी शुगा प्राचीन शिलालेख वाचू लागतो, आणि दरबारी बखर व मूळ रहिवाशांची स्मृती यांतील तफावत उलगडत जाते. घरातील मोठ्या मुलांसह पाहावी अशी ही कृती आहे.

अलीकडच्यांपैकी चिसातो आबे यांच्या कादंबऱ्यांवरील ‘यातागारासु’ (२०२४, २० भाग) हिच्यात युवराजपदाभोवती चार घराण्यांनी रचलेले डावपेच उत्तम आहेत. ‘योना ऑफ द डॉन’ हिचा आरंभ राजहत्येचा असला, तरी ती लवकरच प्रवासकथेकडे वळते. ‘रेव्हन ऑफ द इनर पॅलेस’ अवघ्या १३ भागांची असून भूतकथांत अधिक रमते. योशिकी तानाका यांच्या कादंबऱ्यांवरील ‘आर्सलान सेन्की’ पुरातन इराणसदृश राज्यात घडते आणि तिच्यातील सिंधुरा राज्याच्या गादीसाठी भांडणारे दोन राजपुत्र भारतीय वाचकास ओळखीचे वाटतील. पण ती दरबारापेक्षा रणांगणाची कथा आहे.

एकच मालिका पाहण्याइतका अवकाश असेल, तर ‘जूनी कोक्की’ निवडावी. आरंभीच्या भागांत योको भेदरलेली, परावलंबी आणि क्वचित असह्य वाटेल. तेवढ्यावरून ती सोडू नये, ही वाचकांना विनंती.