नकाशात नसलेली उंची

पावसाळ्यात कृष्णेचे पाणी वाढू लागले की सांगलीत घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, ‘आयर्विनला किती फूट?’ १९२९ साली बांधून झालेल्या या पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की ती इशारा पातळी, आणि ४५ फुटांवर धोका पातळी. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते, तर ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर चढले. दोन्ही पुरांतला फरक चार फुटांच्या आसपासचा. पण ‘२००५ ला आमच्या दारात पाणी आले नव्हते’ या भरवशावर घरात थांबलेल्यांना त्याच चार फुटांनी गाठले.

आयर्विनचा आकडा कळला तरी आपल्या गल्लीत त्याचा अर्थ काय, हे आकडा सांगत नाही. ते नकाशाने सांगायचे असते. मग दीडशे वर्षांहून अधिक काळ नकाशे निघत असलेल्या या मुलखाला त्याचे उत्तर का मिळाले नाही? कारण नकाशा काढणाऱ्याला जे हवे असते तेच नकाशात उतरते.

इंग्रज सरकारला शेतसारा हवा होता. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात सुरू केलेली मोजणीची पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यानंतर तीच तिथेही आली. तेहतीस फुटांच्या शंकू साखळीचे सोळा आणे पाडलेले असत. एका साखळीचा चौरस म्हणजे गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हा हिशेब आजही शेतकऱ्याच्या तोंडी आहे. त्या मोजणीतून टिपणे आणि गाव नकाशे तयार झाले. बांध कुठे, ओढा कुठे, वाट कोणाच्या रानातून जाते, हे त्यांत नेमके सापडते. बांधाच्या भांडणात अजूनही हेच कागद निघतात, यातच त्यांचे मोल आले. मात्र गावठाण, म्हणजे माणसे जिथे राहतात ती जागा, त्यात बहुधा एक कोरा तुकडा होता. तिथून सारा येत नव्हता. आणि जमीन किती उंचीवर आहे, याची नोंद कोठेच नव्हती.

उंची मोजणारे लोक वेगळे. लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ केला. वीस वर्षे हे काम उत्तरेकडे नेत असतानाच १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याचे थडगे तिथेच आहे. या परंपरेतून सर्व्हे ऑफ इंडियाचे स्थलदर्शक नकाशे आले. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा त्यांवर असतात. महाबळेश्वर-कोयनेच्या डोंगररांगा त्यांवर सुरेख वाचता येतात, कारण तिथे रेषा एकमेकींना खेटून येतात. पण पन्नास हजारांत एक या प्रमाणाच्या नकाशात दोन रेषांमधले अंतर साधारणतः २० मीटरचे असते. सांगलीच्या सपाट काठावर जिथे एक-सव्वा मीटरने घर बुडते किंवा वाचते, तिथे अशा नकाशाचा उपयोग जवळपास शून्य.

उंचीचे महत्त्व दुष्काळी भागाला मात्र आधी उमगले. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजना म्हणजे पाणी किती मीटर वर चढवायचे याचेच गणित. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने २०१६ मध्ये पहिल्या वॉटर कप स्पर्धेत बाजी मारली. या स्पर्धेतील गावांनी ‘ए’ अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट घेऊन माळावर समान उंचीच्या रेषा आखल्या आणि त्यांवर चर खणले. जमिनीवरच काढलेला हा नकाशाच होय!

संगणकाने चित्र बदलले, पण वाटते तितके नाही. मोबाइलवरचा नकाशा गल्लीबोळ दाखवतो, रस्त्यावरची कोंडीही सांगतो. पुराचे पाणी कुठवर येईल हे त्याला सहसा ठाऊक नसते. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने जगाची उंची मोजली गेली. ती माहिती सर्वांना खुली आहे, परंतु तिच्यातील चूक काही मीटरची असू शकते. घाट ओळखायला ती पुरते, सांगलीतला प्लॉट ओळखायला पुरत नाही. रडार उपग्रहांचे खरे बळ दुसरीकडे आहे. त्यांना ढगांची आडकाठी नसते. भर पावसात पाणी कुठवर पसरले आहे ते त्यांच्या प्रतिमांत दिसते. मात्र ते आलेले पाणी दाखवतात, येणारे नव्हे.

येणाऱ्या पाण्यासाठी जमिनीची उंची काही सेंटिमीटरपर्यंत हवी. लेझरच्या साहाय्याने किंवा ड्रोनच्या छायाचित्रांतून ती मिळवता येते. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणे ड्रोनने मोजण्याचे काम हाती घेण्यात आले. हेतू मालकी हक्काचा आहे, पण त्याच तंत्राने उंचीही हाती लागू शकते. दीडशे वर्षे कोरा राहिलेला तुकडा अशा प्रकारे भरू लागला.

याचा सगळ्यात अवघड उपयोग पूररेषेत होतो. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र आणि दोन्ही रेषांमध्ये नियंत्रित क्षेत्र. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे पुढील नव्व्याण्णव वर्षे सुटका नव्हे. दर वर्षी शंभरात एक अशी ती शक्यता आहे. रेषा सरकली की घराची परवानगी, जागेचा भाव, कर्ज, सारेच सरकते; म्हणून तिच्याबद्दल तक्रारीही होतात. शिवाय पूर काही परातीतल्या पाण्यासारखा सपाट नसतो. प्रवाहाला उतार असतो, वारणेचा फुगवटा त्यात मिसळतो, भराव घातलेले ओढे पाणी भलतीकडे वळवतात. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या वस्त्यांत पाणी लवकर शिरते, हे सांगलीकरांना अनुभवाने ठाऊक आहे. आयर्विनच्या प्रत्येक फुटाला शहरातील कोणती गल्ली बुडेल, हे दारोदारच्या उंचीवरून आधी मांडून ठेवले, तर घर केव्हा सोडायचे याचा निर्णय दाराशी पाणी येण्यापूर्वी घेता येईल.