राखीव खेळाडू हावरट कधी?

एनबीए बास्केटबॉलमध्ये बाकावरून आलेला खेळाडू शॉटवर शॉट मारू लागला की प्रेक्षक त्याला लगेच हावरट ठरवतात. पण अनेकदा त्याला पाठवलेलंच त्यासाठी असतं. मुख्य खेळाडू दम खात असताना गुण आटू नयेत म्हणून. तो मैदानात असताना संघाच्या किती चाली त्याच्या हातात संपतात, हे ‘युसेज रेट’ सांगतो. पाच जणांत सरासरी २० टक्के. नुसत्या या आकड्यावर निकाल देणं मात्र अन्यायाचं. बाकावरून येणाऱ्या लू विल्यम्सने २०१८-१९ मध्ये क्लिपर्सकडून सामन्यामागे २० गुण केले आणि पाचाहून अधिक असिस्टही दिले. याला स्वार्थी कसं म्हणायचं? दोन बचावपटू अंगावर आलेत, सहकारी मोकळा उभा आहे, तरी चेंडू सुटत नाही आणि हे वारंवार घडतं, तेव्हा खुशाल म्हणा.