भूमिकाक्रीडा आणि तिचे भवितव्य

आमच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण ही एके काळी चालुक्यांची राजधानी होती. तेथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीचे अभ्यासक त्याचे नाव घेतात ते त्यातील जुन्या मराठी पदांसाठी. परंतु त्याचे अखेरचे वीस अध्याय क्रीडांना वाहिलेले आहेत, याचा उल्लेख क्वचितच होतो. चतुरंग, फासे, कवड्या, कूटप्रश्न या साऱ्यांचा विचार त्या राजाने राजनीतीच्या बरोबरीने एकाच ग्रंथात केला. खेळ हा शास्त्राचा विषय मानण्याची दृष्टी या मातीस नवी नाही. म्हणूनच एका अर्वाचीन क्रीडाप्रकारासाठी या पृष्ठांवर जागा मागताना आम्हांस संकोच वाटत नाही.

या प्रकारास इंग्रजीत 'टेबलटॉप रोलप्लेइंग गेम' म्हणतात. आम्ही त्यास भूमिकाक्रीडा म्हणू. चार-सहा माणसे मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो : रात्र झाली आहे, नदीला पूर आहे आणि पैलतीरावरून कोणी हाक मारीत आहे. मग आपले पात्र काय करील ते ज्याने त्याने सांगावयाचे. कृती साधेल की फसेल असा संशय येईल तेथे फासा टाकावयाचा, आणि पडेल त्या दानानुसार सूत्रधाराने कथा पुढे न्यावयाची. येथे संहिता नाही, रंगमंच नाही आणि प्रेक्षकही नाहीत. भारुडात सोंग घेणाऱ्यास आपण काय बोलणार हे आधीच ठाऊक असते. येथे ते कोणासच ठाऊक नसते. बोलणे हीच या खेळातील चाल होय.

या प्रकाराचा उगम युद्धाच्या खेळांत आहे. एकोणिसाव्या शतकात प्रशियाचे सेनाधिकारी नकाशावर सैन्याच्या हालचाली करून युद्धाभ्यास करीत. पुढे हौशी लोकांनी ती पद्धत उचलली. अमेरिकेतील डेव्ह आर्नेसन यांनी तीत एक मोठा पालट केला : खेळाडूच्या हाती सैन्य न देता एकच मनुष्य दिला. त्यांनी व गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती आणि तिच्या पेट्या घरीच बसून हातांनी भरल्या गेल्या. आज ज्यास उद्योग म्हणतात तो अशा रीतीने एका स्वतंत्र, घरगुती उपक्रमातून उभा राहिला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे १९९७ मध्ये हा खेळ 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीकडे गेला आणि १९९९ मध्ये ती कंपनीच 'हॅस्ब्रो' या खेळण्यांच्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. सन २००० मध्ये विझर्ड्सने एक मुक्त परवाना काढला. मूळ नियमांच्या आधारे कोणीही नवी पुस्तके लिहावीत व विकावीत, त्याबद्दल काही द्यावे लागणार नाही, असे त्याचे स्वरूप होते. या परवान्याच्या भरवशावर अनेक लहान प्रकाशकांनी आपला संसार मांडला. परंतु जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरांहून अधिक विक्री असणाऱ्यांकडून, त्या मर्यादेपलीकडील रकमेवर शेकडा पंचवीसपर्यंत हिस्सा घेण्याचे त्यात योजिले होते. जुना परवानाही रद्द व्हावयाचा होता. खेळाडूंत व लेखकांत असा क्षोभ उसळला की २७ जानेवारी रोजी कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा एक संच मागे घेता न येणाऱ्या 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली सर्वांस खुला केला.

एवढी मोठी कंपनी का नमली? आमच्या मते याचे उत्तर खेळाच्या स्वरूपातच आहे. बुद्धिबळाचा पट कारखान्यात होतो, परंतु भूमिकाक्रीडेतील कथा खेळणाऱ्यांच्या मुखातून निघते. कायदाही या भेदास अनुकूल आहे. आपल्याकडे १९५७ चा लेखाधिकाराचा कायदा आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केले की कल्पनेवर वा विषयावर स्वामित्व नसते, ते तिच्या विशिष्ट अभिव्यक्तीवर असते. खेळाच्या पद्धतीसही सामान्यतः हाच न्याय लावतात. पुस्तकातील शब्द व चित्रे कंपनीची असतील, परंतु 'भूमिका घ्या, संशय आल्यास फासा टाका' ही रीत कोणाच्या मालकीची होऊ शकत नाही.

स्वतंत्र खेळकर्त्यांनी हे आधीच ओळखले होते. जेसन मॉर्निंगस्टार यांच्या 'फियास्को' (२००९) या खेळात सूत्रधारच नाही. व्हिन्सेंट व मेग्वे बेकर यांनी 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) रचला आणि त्याच्या पद्धतीवर इतरांनी खुशाल नवे खेळ रचावेत असे म्हटले. तसे पुष्कळ रचले गेले. जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' (२०१३) तर एका पृष्ठात मावतो. वाचकांकडून आगाऊ वर्गणी जमविणारे 'किकस्टार्टर' २००९ मध्ये सुरू झाल्यापासून प्रकाशकाची वाट पाहण्याचेही कारण उरले नाही. या स्वातंत्र्याने सर्वांचे पोट भरते असे मात्र समजू नये. प्रकाशक गेला तरी विक्रीची संकेतस्थळे मध्ये उभीच आहेत आणि पुष्कळांना उपजीविकेसाठी दुसरा व्यवसाय करावा लागतो. म्हणून मोठ्या कंपन्या नाहीशा होतील असे आम्ही म्हणत नाही. त्या सुंदर ग्रंथ काढीत राहतील. नवे प्रयोग मात्र लहानांच्याच हातून होतील, आणि ते आता ज्या भाषांत हा खेळ पोहोचला नाही त्या भाषांतून व्हावेत.

येथे आमच्या सीमाभागाचा प्रश्न येतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बिदर व आजचे कलबुर्गी हे जिल्हे कन्नड राज्यात आले. येथील मुलाच्या कानावर मराठी, कन्नड व दखनी एकाच गल्लीत पडतात, परंतु शाळेतील मराठी बहुधा उत्तरपत्रिकेपुरती उरते. एव्हरी ॲल्डर यांच्या 'द क्वायट इयर' (२०१३) या खेळात एक वसाहत नकाशावर रेखाटीत जातात. पत्त्यांचा एकेक रंग म्हणजे एकेक ऋतू व एकेक पान म्हणजे एकेक आठवडा. त्या धर्तीवर आम्ही एका शनिवारी मांजरा नदीकाठचे एक गाव मुलांकडून रचून घेतले. शाळेत पत्ते म्हटल्यावर एका पालकांनी भुवया उंचावल्या, म्हणून चिठ्ठ्या केल्या. तिसऱ्या चिठ्ठीला विहीर आटली. एरवी एका शब्दात उत्तर देणारा मुलगा उठून, नवी विहीर पाणंदीच्या कडेला का खणावी हे पाच मिनिटे सांगत राहिला. कन्नडभाषी घरातील एका मुलीने त्यास मराठीतच अडविले आणि शब्द अडला तेथे शेजारणीला विचारून घेतला.

एका दुपारीने काही सिद्ध होत नाही, हे आम्हांस कळते. तथापि एवढे दिसले की परीक्षेसाठी नव्हे, तर विहिरीसाठी मुलांना भाषा हवी झाली. आपण नियम दिले नाहीत तर मुले हा खेळ खेळणार नाहीत असे नव्हे. ती तो खेळतील, परंतु इंग्रजीतून, आणि त्यांच्या कल्पनेतील गावांची नावेही परकी असतील. नियम लिहिण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही, एक पृष्ठ पुरते. ते पृष्ठ एका बाजूस मराठीत व दुसऱ्या बाजूस कन्नडात छापावे, एवढीच शिक्षकबंधुभगिनींस आमची विनंती आहे.