साइडकार नेमकी चालते कशी? बाबांना घेऊन पुणे ते कन्याकुमारी

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. बोलणं लवकर सुधारलं, चालणंही जमलं, पण उजव्या हाताची पकड आणि उजव्या पायातला जोर पूर्ण परत आला नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "गाडी चालवायची नाही आणि दुचाकीवर मागेही बसायचं नाही." ज्या माणसाने तीस वर्षं रोज दुचाकीवरून नोकरी केली, त्याच्यासाठी हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जड होतं.

बाबांच्या लहानपणी आजोबांकडे साइडकार लावलेली लँब्रेटा होती. सुट्टीत त्यात बसून गावाला गेल्याच्या गोष्टी मी शंभर वेळा ऐकल्या आहेत. म्हणून मी म्हटलं, "बाबा, आपण साइडकार लावू. कन्याकुमारीला जाऊ." ते म्हणाले, "म्हणजे मी आता सामानासारखा शेजारी बसू?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा येत नव्हतं. साइडकार समजून घेताना ते मिळालं. बाईकला साइडकार लावली की एक वेगळंच वाहन तयार होतं आणि त्यात बसलेला माणूस त्या वाहनाच्या यंत्रणेचा भाग असतो. हे कसं, तेच या लेखात बघू.

बाईक झुकते, साइडकार झुकत नाही

साधी बाईक वळते ती झुकून. तीस-चाळीसच्या वेगाला डावीकडे वळताना आपण नकळत हँडलची डावी मूठ किंचित पुढे ढकलतो. म्हणजे हँडल क्षणभर उजवीकडे वळतं, त्यामुळे बाईक डावीकडे झुकते आणि मग वळते. विश्वास बसत नसेल तर मोकळ्या रस्त्यावर सावकाश लक्ष देऊन बघा. झुकल्यामुळे बाहेर फेकणारं बल आणि वजन यांचा तोल साधतो.

साइडकार लावल्यावर झुकणं बंद. आता डावीकडे जायचं तर हँडल डावीकडेच वळवायचं, रिक्षासारखं. अंगात मुरलेली सवय इथे उलटी पडते. त्यामुळे वीस वर्षं बाईक चालवलेला माणूसही पहिल्या दिवशी साइडकार सरळ गटारात घालू शकतो.

रिक्षाशी तुलना मात्र इथेच संपते. रिक्षाचं पुढचं चाक मधोमध असतं, दोन्ही बाजू सारख्या. साइडकारमध्ये इंजिन, ब्रेक आणि चालक एका रेषेत, आणि तिसरं चाक एका बाजूला. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते म्हणून साइडकारही डावीकडे लावतात. सगळ्या गमतीजमती आणि सगळे धोके या असमतोलातून येतात.

डावं वळण: चाक का उचलतं?

डावीकडे वळताना बल उजवीकडे, म्हणजे बाहेर ढकलतं. गाडी बाईकच्या दोन चाकांना जोडणाऱ्या रेषेवर उलटू पाहते आणि साइडकार हवेत उचलली जाते. तिला खाली धरून ठेवणारी गोष्ट एकच, त्या बाजूला असलेलं वजन.

किती फरक पडतो? माझ्या गाडीचे ढोबळ आकडे घेऊ. बाईक १९० किलो, मी ७५ किलो, साइडकार ८० किलो. साइडकारचं वजन बाईकच्या रेषेपासून सरासरी ८० सेंटीमीटरवर आहे असं धरू. मग रिकाम्या साइडकारसह एकूण गुरुत्वमध्य बाईकच्या रेषेपासून फक्त साडेअठरा सेंटीमीटर डावीकडे येतो. आता ७० किलोचे बाबा ६५ सेंटीमीटरवर बसले, की तो सव्वीस सेंटीमीटरच्या पुढे जातो.

गुरुत्वमध्याची उंची ६० सेंटीमीटर धरून ३० मीटर त्रिज्येच्या डाव्या वळणाचा हिशोब केला, तर रिकामी साइडकार ताशी ३४ किलोमीटरला उचलायला लागते. बाबा बसलेले असताना ताशी ४१ ला. प्रत्यक्षात रस्त्याचा उतार, शॉकॲब, टायर यांनी आकडे बदलतील, पण मुद्दा तोच राहतो. एका माणसाच्या बसण्याने घाटातल्या वळणावर ताशी सात किलोमीटरची सुरक्षितता वाढते. तो माणूस डावीकडे झुकला तर आणखी थोडी.

हे मी कागदावर मांडून बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे मला झुकायची प्रॅक्टिस करायला हवी."

चाक उचललंच तर काय करायचं? रेस हळूहळू कमी करायची आणि जागा असेल तर हँडल थोडं उजवीकडे सैल सोडायचं, चाक खाली येतं. अडचण अशी की उजवीकडे बहुतेक वेळा डिव्हायडर असतो किंवा समोरून येणारा ट्रक. म्हणून खरा उपाय वळणात शिरण्याआधीच वेग कमी करणं हा आहे. मी हे रविवारी सकाळी एका रिकाम्या मैदानात शिकलो, बाबांच्या जागी वाळूची पोती ठेवून. पहिल्यांदा मुद्दाम रिकामी साइडकार नेली होती. चाक उचललं तेव्हा मी घाबरून हँडल घट्ट धरून बसलो आणि कुंपणाच्या तारेपासून हातभर अंतरावर थांबलो. त्या दिवशी घरी कुणाला काही सांगितलं नाही.

उजवं वळण जास्त स्थिर वाटतं, कारण साइडकार बाहेरच्या बाजूने आधार देते. पण वेग फारच जास्त असेल तर पुढचं चाक आणि साइडकारचं चाक यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवर गाडी कलते, मागचं चाक सुटतं आणि साइडकारचं नाक खाली जातं. हे अचानक होतं आणि सावरायला वेळ मिळत नाही.

रेस दिली की डावीकडे, ब्रेक दाबला की उजवीकडे

शाळेत बाकाचं एकच टोक ढकललंय? बाक सरळ जात नाही, फिरतो. इथेही तेच. मागचं चाक बाईकला पुढे ढकलतं, साइडकारचं वजन मागे राहू पाहतं, म्हणून रेस देताना गाडी डावीकडे ओढते. ब्रेक दाबल्यावर बाईक थांबते, साइडकार मात्र पुढे जात राहू पाहते, म्हणून गाडी उजवीकडे फिरते. नुसती रेस सोडली तरी इंजिनच्या ब्रेकिंगमुळे हेच थोड्या प्रमाणात होतं.

इथे बाबांचं वजन मदत करत नाही, उलट ओढ वाढवतं. म्हणून साइडकारच्या चाकाला स्वतःचा ब्रेक हवा. आमच्याकडे ड्रम ब्रेक बसवून तो मागच्या ब्रेकच्या पेडलला जोडला. बाबा बसलेले असताना गाडी सरळ रेषेत थांबेल असा तो सेट करून घेतला.

त्याची परीक्षा झाली तमिळनाडूत, धर्मपुरी आणि सेलमच्या मधल्या तोप्पूर घाटात. धर्मपुरीकडून जाताना लांबच लांब उतार आहे आणि ब्रेक तापलेल्या ट्रकांच्या अपघातांसाठी तो बदनाम आहे. आम्ही उतार सुरू होण्याआधीच तिसऱ्या गिअरमध्ये आलो, ताशी तीसच्या आसपास राहिलो आणि ब्रेक थोडा दाबून सोडत उतरलो. हाताला सतत उजवीकडची ओढ जाणवत होती.

बसवताना तीन मापं

साइडकार चार ठिकाणी जोडतात, दोन खाली आणि दोन वर. वरच्या दोन दांड्यांची लांबी कमी-जास्त करता येते. मापं अशी:

पहिलं, साइडकारच्या चाकाचा रोख. हे चाक बाईकला अगदी समांतर न ठेवता पुढच्या बाजूने किंचित आत, बाईककडे वळवतात. दोन सरळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चाकांना लावून मोजलं तर पुढचं अंतर मागच्यापेक्षा साधारण १० ते २० मिलिमीटर कमी हवं. यामुळे डावीकडची ओढ कमी होते. जास्त झालं तर टायर खडूसारखा झिजतो.

दुसरं, बाईकचा कल. बाईक साइडकारपासून दूर, म्हणजे उजवीकडे, एक-दोन अंश कललेली ठेवतात. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डावीकडे उतरते असतात. हा कल त्याची भरपाई करतो.

तिसरं, चाकाची जागा. साइडकारचं चाक बाईकच्या मागच्या चाकाच्या थोडं पुढे असतं, आमचं २० सेंटीमीटर पुढे आहे. त्यामुळे उजव्या वळणात नाक खाली जाण्याचा धोका कमी होतो. फार पुढे घेतलं तर हँडल जड होतं.

आणि महत्त्वाचं म्हणजे ही मापं माणूस बसवून घ्यायची. शॉकॲब दबले की कल बदलतो. फॅब्रिकेशनवाल्याकडे बाबा पाऊण तास साइडकारमध्ये बसून चहा पीत होते आणि आम्ही पट्ट्या लावून मोजत होतो.

बाकी किरकोळ, पण विसरू नका. साध्या बाईकचे स्पोक आडव्या ताणासाठी केलेले नसतात, कारण बाईक झुकल्यावर वजन चाकाच्या रेषेतच येतं. साइडकारमध्ये प्रत्येक वळणाला आडवा ताण येतो, म्हणून स्पोक तपासत राहावं लागतं. चढाला जोर मिळावा म्हणून पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान केलं. ॲव्हरेज ३५ वरून २४ वर आलं.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२७) मधल्या मोटरसायकलच्या व्याख्येतच काढता येणारी साइडकार धरलेली आहे. पण त्याच कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे. त्यामुळे आधी आरटीओत विचारा, मगच वेल्डिंगला हात घाला.

हे वेड जुनं आहे

१९१५ साली अमेरिकेत एफी हॉचकिस ही तरुणी आई एव्हिसला साइडकारमध्ये बसवून हार्ले-डेव्हिडसनवरून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेली आणि तशीच परत आली. वाटेत ट्यूब संपल्या तेव्हा त्यांनी घोंगडीची गुंडाळी टायरमध्ये भरून वेळ मारून नेली. १९२२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलला दोन मित्रांनी स्वॉलो नावाची साइडकार कंपनी काढली, तीच पुढे जग्वार झाली. रशियाच्या इर्बिट गावातून आलेल्या उरल गाड्यांमध्ये तर साइडकारच्या चाकालाही इंजिनची ताकद देण्याची सोय असते, चिखल-बर्फासाठी. पक्क्या रस्त्यावर मात्र ती बंद ठेवतात, कारण दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरली तर गाडी वळायला मागत नाही.

सहा दिवस, दीड हजार किलोमीटर

जानेवारीत निघालो. पहिल्याच सकाळी खंबाटकी घाट. डावं वळण आलं की मी म्हणायचो, "बाबा, डावीकडे!" तिसऱ्या वळणानंतर सांगावं लागलं नाही. ते चांगल्या डाव्या हाताने बाजूची दांडी धरून वळणाच्या आधीच झुकलेले असायचे. मुक्काम कोल्हापूर, हुबळी, चित्रदुर्ग, कृष्णगिरी, दिंडिगुल असे केले. वेग ताशी पन्नास-पंचावन्न, दर तासाला थांबा, कारण बाबांना उठून चार पावलं चालणं गरजेचं होतं.

तिसऱ्या दिवशी राणेबेन्नूरच्या पुढे बाबांनी हात वर केला. थांबलो. म्हणाले, "अरे, वरून खट-खट येतंय. खड्ड्यात नाही, रेस सोडलीस की येतंय." हेल्मेटमध्ये आणि इंजिनच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नव्हतं. बघितलं तर वरच्या पुढच्या दांडीचा नट जवळजवळ सुटला होता. रोज सकाळी पाना लावून तपासायचं ठरवलं होतं, त्या दिवशी मी घाईत राहून दिलं होतं. चूक माझीच. ती दांडी निसटली असती तर साइडकार बाईकखाली दुमडली असती, तीही बाबांसकट.

मी रस्त्याच्या कडेला नट आवळत होतो आणि माझे हात थरथरत होते. बाबांनी माझ्याकडून पाना घेतला, डाव्या हाताने शेवटचा अर्धा फेरा स्वतः आवळला आणि परत बसले. पुढचे तीन दिवस रोज सकाळी नट तपासायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी कन्याकुमारीला पोचलो. समुद्र बघून बाबा पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? "जाताना टायर बदलून घे, मागचा मधे सपाट झालाय."

तुम्ही साइडकारचा विचार करत असाल तर एवढं लक्षात ठेवा:

• आधी रिकाम्या मैदानात, वाळूची पोती ठेवून शिका. माणूस नंतर.
• डाव्या वळणाआधीच वेग कमी करा.
• साइडकारच्या चाकाला ब्रेक हवाच.
• मापं आणि ब्रेक, दोन्ही माणूस बसवून सेट करा.
• रोज सकाळी चारही जोड तपासा.
• शेजारी बसणाऱ्याला वळणं, आवाज, झुकणं सगळं समजावून सांगा. गाडी तुमच्याइतकीच तोही चालवत असतो.