कसणाऱ्याचे नाव कोठे?

भंडारा जिल्ह्यातील कास्तकाराला आपल्या बांधीत उभे राहून, मोबाइलवर धानाचे छायाचित्र घेऊन, पीकपेऱ्याची नोंद स्वतः करता येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’ची ही सोय लहान नाही. जी नोंद एके काळी तलाठ्याच्या सवडीवर लटकत असे, ती शेतकऱ्याच्या हाती आली, याचे आम्ही मोकळ्या मनाने स्वागत करतो.

परंतु ही नोंद होते ती सातबाऱ्यावर. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. तो पदरात पडावयाचा तर पीकपेऱ्यासह सातबारा हवा, ऑनलाइन नोंदणी हवी. पैसाही थेट बँकेच्या खात्यात जमा व्हावयाचा. ज्याने दुसऱ्याच्या बांध्या तोंडी बटईने केल्या, चिखलणी-रोवणीचा खर्च सोसला, त्याचे नाव यांपैकी कोठेच नाही. त्याने धान व्यापाऱ्याला पडेल भावाने घालावे, नाही तर मालकाच्या नावाने केंद्रावर नेऊन पैशासाठी मालकाच्या दारी बसावे.

दोष यंत्राचा नव्हे. १९९८ साली वारणा खोऱ्यातील सत्तर गावांसाठी संगणकाची योजना झाली आणि ऊस घालणाऱ्या सभासदाला आपल्या उसाचा हिशेब गावातच कळू लागला. पुढे काही गावांत तेच काम मोबाइलच्या संदेशांनी करून पाहण्यात आले. साधन बदलले तरी काम अडले नाही, कारण पाठीशी सहकारी कारखान्याची सभासदयादी होती. यादीबाहेरच्या ऊसतोड मजुराला मात्र त्या यंत्राला विचारण्याजोगे काहीच नव्हते!

बटई कागदावर का येत नाही, हे उघड गुपित आहे. विदर्भासाठी १९५८ साली कूळकायदा झाला. कागद केला की कूळ लागेल, ही मालकाची धास्ती तेव्हापासून गेलेली नाही. निती आयोगाने २०१६ साली आदर्श भाडेपट्टा कायदा सुचविला तो याच कारणाने. तेव्हा पीकपेऱ्यात ‘प्रत्यक्ष कसणारा’ असा रकाना ठेवावा, तो ग्रामसभेच्या साक्षीने भरावा, आणि त्यावरून कूळहक्क उत्पन्न होणार नाही असे कायद्यातच लिहावे. कूळहक्काच्या कैवाऱ्यांना हे रुचणार नाही. पण तोंडी बटईवाल्याला आज तो हक्कही नाही आणि भावही नाही. धानखरेदीचा पैसा या रकान्यातील नावाच्या खात्यात जावा. महसूल खात्याने पुढील खरिपाच्या नोंदणीपूर्वी हा प्रयोग भंडाऱ्यात करावा.